बाळाला रात्र कळते तेव्हा

पोटभर दूध पिऊन झोपलेल्या तान्ह्या बाळाकडे पाच मिनिटं नुसतं बघत राहा. भुवया उंचावतात, कपाळाला आठ्या पडतात. तोंडात काही नसताना ओठ चुपचुप वाजतात. श्वास भरभर चालतो, मध्येच अडखळतो, पुन्हा सुरू होतो. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे धावतात. आणि मग कुणी काही केलेलं नसताना गालावर हसू उमटतं. घरातली आजी लगेच सांगते, "सटवाई हसवतेय त्याला." जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळावर नशीब लिहिणारी ही देवी पुढेही बाळाच्या झोपेत येते, त्याला हसवते, रडवते, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. देवीचं बाजूला ठेवू, पण निरीक्षण पक्कं होतं. झोपलेल्या बाळाच्या आत काहीतरी मोठं चाललेलं असतं, हे आज्यांना दिसत होतं.

विज्ञानाला ते दिसायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं, आणि तेही बाळांमुळेच. नॅथॅनिएल क्लाइटमन हे शिकागो विद्यापीठात झोपेचा अभ्यास करणारे प्राध्यापक. झोपेत मेंदूचं काम मंदावतं, त्यात बघण्यासारखं फारसं काही नसतं, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. क्लाइटमननी युजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याला काम दिलं, ते झोपलेल्या बाळांचे डोळे आणि पापण्या बघत बसण्याचं. तासन्‌तास नोंदी केल्यावर त्याच्या लक्षात आलं की बुबुळांची ही धावपळ सतत चालत नाही, तिच्या पाळ्या असतात. पुढे त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड लावून आलेख काढले, मग मोठ्या माणसांचेही काढले. १९५३ मध्ये गुरु-शिष्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’ नियतकालिकात आला. स्वप्नांची झोप म्हणून आज सगळ्यांना माहीत असलेली ‘रेम’ झोप अशी सापडली.

मोठ्या माणसाच्या झोपेत या झोपेचा वाटा पाचव्या हिश्श्यापासून पाव हिश्श्यापर्यंत असतो. नवजात बाळात तो निम्मा असतो, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत त्याहूनही जास्त. बाळ चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपतं. म्हणजे रोज सात-आठ तास ते या खळबळीच्या झोपेत असतं. डॉक्टर तिला बाळाची ‘सक्रिय झोप’ म्हणतात. एवढी कशासाठी? १९६६ साली हॉवर्ड रॉफवार्ग, जोसेफ मुझिओ आणि विल्यम डिमेंट यांनी एक धाडसी तर्क मांडला. पोटात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत बाळाला बाहेरचं जग फार थोडं मिळतं. म्हणून मेंदू स्वतःच स्वतःला आतून चेतवतो, आणि त्या चेतनेच्या जोरावर मज्जातंतूंची बांधणी होते, असा तो तर्क होता.

झोपेतले झटके

या तर्काला जोर मिळाला तो एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीतून. झोपेत बाळाची बोटं मध्येच उडतात, पाय झटकला जातो, खांदा हलतो. ही स्वप्नांची सांडलवंड असावी, असं बराच काळ मानलं जात होतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मार्क ब्लमबर्ग यांनी उंदरांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून चित्र पालटवलं. झोपेत पाय झटकला की त्या पायाकडून मेंदूला संदेश जातो, आणि तोच पाय जागेपणी हलवल्यावर मेंदूत जितकी हालचाल होते, त्याहून कितीतरी ठळक प्रतिसाद झोपेतल्या झटक्याला मिळतो. नव्या घरात वायरमन एकेक बटण दाबून कुठला दिवा लागतो ते पडताळून बघतो, तसं हे काम आहे. बाकी सगळं शांत असताना एकच स्नायू हलतो, आणि हा अवयव माझा, तो इथे आहे, हे मेंदू टिपून ठेवतो. जागेपणी हातपाय एकदम हलत असतात, त्या गलक्यात ही पडताळणी जमत नाही.

रात्री अर्धवट झोपेत असलेल्या आईबापांना ही माहिती लगेच उपयोगी पडते. सक्रिय झोपेत बाळ कण्हतं, कुरकुरतं, चेहरा लाल करतं, कधी क्षणभर रडतंही, आणि या सगळ्या वेळात ते झोपलेलं असतं. दुपट्यातून आवाज आला की आपण झडप घालून त्याला उचलतो, आणि झोपलेल्या बाळाला आपणच जागं करतो. भूक लागली असेल तर आवाज वाढत जातो, डोळे उघडतात, तोंड इकडेतिकडे शोधू लागतं. अर्धा-एक मिनिट नुसतं ऐकलं तर दोन्हींतला फरक कळतो.

बाळ रात्री इतक्या वेळा का उठतं, हे दुसरं कोडंही इथेच सुटतं. आपण झोपलो की आधी गाढ झोपेत उतरतो. पहिले काही महिने बाळाचा क्रम उलटा असतो, ते थेट सक्रिय झोपेत शिरतं. शिवाय त्याच्या झोपेचं आवर्तन पन्नास-साठ मिनिटांचं असतं, आपलं सुमारे दीड तासाचं. दर आवर्तनाच्या शेवटी झोप विरळ होते. म्हणजे आपल्या एका रात्रीत बाळाला जागं व्हायच्या संधी आपल्यापेक्षा जास्त मिळतात.

घड्याळ बसवताना

‘दिवसा झोपतं आणि रात्रभर टक्क जागं असतं,’ ही तक्रार बारशाला जमलेल्या प्रत्येक घोळक्यात ऐकू येते. बाळाने दिवस-रात्र उलटी केली, असं आपण म्हणतो. खरं तर उलटी करायला त्याच्याकडे अजून दिवस-रात्र नसतेच.

क्लाइटमन आणि त्यांचे सहकारी एंगेलमन यांनी एकोणीस बाळांच्या झोपेच्या नोंदी तिसऱ्या आठवड्यापासून सव्वीसाव्या आठवड्यापर्यंत ठेवल्या. त्यातल्या एका बाळाचा आलेख झोपेच्या पुस्तकांत आजही छापला जातो. प्रत्येक दिवसाची एक ओळ, अशा ओळी एकाखाली एक. झोप म्हणजे रेघ, दूध म्हणजे ठिपका. वरच्या भागात नुसता विखुरलेला चुरा दिसतो. मग त्या चुऱ्यातून झोपेचा एक पट्टा उमटू लागतो, पण तिरका, कारण बाळाची झोप रोज थोडी पुढे सरकते. म्हणजे आत घड्याळ चालू झालेलं आहे, पण त्याचा दिवस चोवीस तासांपेक्षा मोठा आहे आणि बाहेरच्या सूर्याशी त्याची गाठ पडलेली नाही. आणखी खाली, तिसरा-चौथा महिना उलटल्यावर, पट्टा सरळ होतो. रात्र एका जागी थांबते. एका जिवाला पृथ्वीच्या फिरण्याचा पत्ता लागतो, तो क्षण कागदावर दिसतो.

हे घड्याळ डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर असतं. वीसेक हजार पेशींचा तो ठिपका आहे. पोटात असताना बाळाला स्वतःच्या घड्याळाची गरज पडत नाही. आईच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडल्याची खबर देणारं संप्रेरक, वारेतून त्याच्यापर्यंत पोहोचतं. आईची रात्र तीच त्याची रात्र. नाळ कापली की ही खबर बंद पडते. बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन रात्री ठळकपणे वाढू लागायला साधारण दोन ते तीन महिने जातात. मधल्या काळात तान्हं बाळ काळाच्या बाबतीत खरोखर निराधार असतं.

अगदीच निराधार नाही म्हणा. आईच्या दुधात मेलाटोनिन असतं, आणि ते रात्रीच्या दुधात. दिवसाच्या दुधात ते जवळजवळ सापडत नाही. सकाळच्या दुधात कॉर्टिसॉल हे जाग आणणारं संप्रेरक जास्त असतं. नाळेतून जाणारी वेळेची खबर आता दुधातून जाते. नोकरीवर परतलेल्या आया पंपाने दूध काढून फ्रीजमध्ये ठेवतात. बाटलीवर तारखेबरोबर ‘सकाळ’ किंवा ‘रात्र’ लिहावं आणि शक्यतो त्याच वेळी ते पाजावं, असं काही संशोधक सुचवतात, ते यामुळेच. करायला सोपं आहे आणि बिघडण्यासारखं काही नाही.

दूध हा एक दूत, उजेड हा दुसरा आणि बलवान. १९९९ मध्ये एका बाळाची सविस्तर नोंद प्रसिद्ध झाली. त्याला जन्मापासून दिव्यांच्या नव्हे, सूर्याच्या उजेडावर वाढवलं होतं. आठवड्याभरातच त्याच्या शरीराच्या तापमानात दिवस-रात्रीचा ताल दिसू लागला, आणि दोन महिन्यांच्या आत झोपही रात्रीशी जुळली. त्याहून गोड भाग पुढचा. सुरुवातीला ते सूर्य मावळला की झोपायचं, नंतर त्याने आपली झोप घरातल्या माणसांच्या झोपायच्या वेळेला जुळवून घेतली. आधी सूर्याचं ऐकलं, मग माणसांचं. इंग्लंडमध्ये इव्होन हॅरिसन यांनी सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांचा अभ्यास केला. रात्री चांगली झोपणाऱ्या बाळांना दुपारी, विशेषतः दुपारच्या पहिल्या प्रहरात, जास्त उजेड मिळालेला होता.

आपल्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी ठेवायची जुनी रीत आहे. दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, वारा लागू नये म्हणून. त्यामागची काळजी समजते, पण दिवसभर अंधार आणि रात्री दर दूध पाजण्याला डोक्यावर ट्यूबलाइट, हा बाळाच्या घड्याळाला मिळणारा नेमका उलटा निरोप आहे. दिवसा पडदे उघडे असावेत, घरातले आवाज चालू द्यावेत, बाळ खिडकीजवळ असावं. उन्हात ठेवायची गरज नाही. संध्याकाळनंतर दिवे मंद करावेत. रात्री पाजताना, दुपटं बदलताना झिरोचा पिवळा दिवा पुरतो. बोलणं कमी, खेळणं नाही. यातून एका रात्रीत चमत्कार होत नाही. पण बाळ जे शोधतंय, ते आपण त्याला रोज दाखवत असतो.

पातळ दुधाची प्रजा

घड्याळ बसलं तरी भूक राहतेच. माणसाचं बाळ इतक्या वेळा का पितं, याचं उत्तर इतर प्राण्यांच्या दुधात आहे. सशीण पिल्लांना बिळात ठेवून जाते आणि चोवीस तासांत बहुधा एकदाच, तेही काही मिनिटांपुरती, पाजायला येते. तिचं दूध त्या बेताने दाट असतं. आग्नेय आशियातल्या झाडचिचुंद्रीची आई पिल्लांकडे दोन दिवसांतून एकदा फिरकते. उत्तर अटलांटिकच्या बर्फावर वीण करणाऱ्या ‘हुडेड सील’चं दूध साठ टक्के चरबीचं असतं. पिल्लू अवघे चार दिवस पितं, तेवढ्यात त्याचं वजन दुपटीच्या आसपास जातं, आणि आई समुद्रात निघून जाते.

माणसाच्या दुधात चरबी तीन-चार टक्के आणि प्रथिनं साधारण एक टक्का. त्यात साखर मात्र भरपूर, सात टक्क्यांच्या घरात. हे दूध ठेवून जाणाऱ्या आईचं नाही, कडेवर घेऊन फिरणाऱ्या आईचं आहे. माकडांचं आणि वानरांचंही असंच. तान्ह्याचं पोट ते तास-दीड तासात रिकामं करतं. आणि आत खर्चही तसाच चालू असतो. जन्मावेळी माणसाच्या बाळाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतो, आणि पहिल्या वर्षात तो दुपटीने वाढतो. रात्री दोन वाजता उठून बाळ जे मागतं, त्यातला मोठा वाटा या बांधकामाला लागतो.

त्यामुळे पहिल्या महिन्यांत ‘रात्रीचं दूध तोडा म्हणजे झोपेल’ हा सल्ला शरीररचनेशीच भांडतो. वजन नीट वाढू लागल्यावर दोन दुधांमधलं अंतर आपोआप वाढत जातं. कुणाचं तीन महिन्यांत, कुणाचं आठ. ते कधी वाढू द्यायचं, हे बाळाचं वजन बघणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

कडेवर, पाळण्यात, बिछान्यात

रडणारं बाळ उचलून चार पावलं चाललं की ते गप्प का होतं? जपानमधल्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की आई बाळाला घेऊन चालू लागली की काही सेकंदांत बाळाचं रडणं ओसरतं, हातपाय शांत होतात आणि हृदयाचे ठोके मंदावतात. उंदराचं पिल्लू मानेला धरून उचललं की तेही असंच निपचित होतं. धोक्याच्या वेळी आई पळत असताना जे पिल्लू वळवळत नाही, त्याचा जीव वाचायची शक्यता जास्त. रात्री दिवाणखान्यात येरझारा घालणारा बाप या जुन्या व्यवहाराला साद घालत असतो.

२०२२ मध्ये त्यांनी पुढचा प्रश्न घेतला, तो प्रत्येक घराला छळणारा. कुशीत झोपलेलं बाळ बिछान्यावर ठेवलं की का उठतं? ईसीजी लावून बघितल्यावर कळलं की पाठ गादीला टेकण्याच्या कितीतरी आधी ठोके वाढू लागतात, आईच्या अंगापासून अंग सुटायला लागतं त्याच क्षणी. पाच मिनिटं चालून झोपलेल्या बाळांना लगेच खाली ठेवलं, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक बाळं उठली. ज्यांना खाली ठेवण्याआधी थोडा वेळ कुशीतच झोपू दिलं, ती टिकली. संशोधकांनी सुचवलेली कृती अशी: रडणाऱ्या बाळाला घेऊन सपाट जागी, न थांबता पाच मिनिटं चाला. मग पाच ते आठ मिनिटं त्याला घेऊन बसा. मग खाली ठेवा. प्रयोग मोजक्या बाळांवरचा आहे आणि आपलं बाळ कुठला प्रयोग वाचून आलेलं नसतं, पण मधली ती पाच-आठ मिनिटं घाईत गाळली जातात, हे कुणालाही पटेल. एवढंच सांभाळायचं की बसल्या बसल्या सोफ्यावर आपल्यालाच डोळा लागू द्यायचा नाही.

पाळण्याच्या झोक्याचंही असंच आहे. कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेला मिळणारा संथ, एकसारखा हेलकावा मेंदूच्या झोपेच्या लाटांना आपल्या तालावर घेतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी दर चार सेकंदांना एक असा हेलकावा देणाऱ्या पलंगावर मोठ्या माणसांना झोपवलं. ती लवकर झोपली आणि गाढ झोपली. साडीची झोळी बांधणाऱ्या बायकांच्या हाताला हे ठाऊक होतंच.

जाग येणं ही ताकद

बाळाचं सारखं उठणं आपल्याला उणीव वाटते. एका दुःखद संशोधनाने तिची दुसरी बाजू दाखवली. झोपेत, काही कारण न सापडता, बाळ दगावण्याच्या घटना पाश्चात्य देशांत १९८० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर नोंदल्या जात होत्या. पालथं झोपवलेल्या बाळांत त्या जास्त होत्या. पालथं झोपलेलं बाळ गाढ झोपतं, कमी उठतं, म्हणून तर ती पद्धत लोकप्रिय झाली होती. आणि ते कमी उठणं हाच धोका होता. श्वास कोंडला, अंग तापलं, हवा कमी पडली, तर बाळाचा बचाव एकच असतो, जागं होणं. बॉस्टनमध्ये हॅना किनी यांनी दगावलेल्या अनेक बाळांच्या मेंदूच्या देठात सेरोटोनिनच्या यंत्रणेतले दोष शोधून काढले. ही यंत्रणा श्वास आणि जाग दोन्ही सांभाळते. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून ‘बाळाला उताणं झोपवा’ ही मोहीम चालली आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. पालकांनी नुसती बाळाची कूस बदलून हजारो जीव वाचवले.

म्हणून नियम साधे आहेत. बाळ पाठीवर, गादी सपाट आणि घट्ट, आजूबाजूला मऊ पांघरुणं, खेळणी, लोड काही नाही. डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे हौसेने शिवली जाणारी मोहरीची उशीही झोपताना नको. बाळ आपल्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या बिछान्यात असावं, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. एकत्र झोपणाऱ्या घरांनी निदान एवढं पाळावं: दारू, सिगारेट किंवा गुंगीचं औषध घेतलेल्या माणसाशेजारी बाळ कधीच नको, आणि सोफ्यावर तर मुळीच नको.

बाळाची ही जाग औषधाने पुसायचा प्रयत्न मुंबईने एके काळी पाहिला आहे. गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत. तिला ‘बाळागोळी’ म्हणत. १९२० च्या दशकातल्या गिरणी कामगार स्त्रियांच्या पाहण्यांत या गोळीची नोंद येते. त्या आयांना दोष देणं सोपं आहे. बाळंतपणाची पगारी रजा नाही, पाळणाघर नाही, पाळीला उशीर झाला तर पगार कापला जाणार, आणि चाळीतल्या एका खोलीत शेजारी झोपलेल्यांना सकाळी भोंग्याला हजर व्हायचं. बाळाच्या झोपेचा प्रश्न खूपदा आईच्या कामाच्या तासांचा प्रश्न असतो. आजही सर्दीच्या औषधाने बाळाला येणारी गुंगी पाहून ते झोपेसाठी द्यायचा मोह काही घरांत होतो. तो टाळायलाच हवा.

आईबापांची रात्र

आता उरली मोठी माणसं. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर ‘चिनस्ट्रॅप’ जातीचे पेंग्विन वीण करतात. अंडी आणि पिल्लं पळवायला स्कुआ पक्षी टपलेले, शेजारी भांडखोर. पॉल-आंतुआन लिबुरेल आणि सहकाऱ्यांनी या पेंग्विनांच्या मेंदूचे आलेख घेतले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडला. हे पक्षी दिवसाला दहा हजारांहून जास्त डुलक्या काढतात, प्रत्येक सरासरी चार सेकंदांची. सगळ्या मिळून अकरा तासांहून अधिक झोप. आणि पिल्लं व्यवस्थित वाढतात.

माणसाला हे जमत नाही. बाळंतिणींच्या रात्रीच्या झोपेची मोजणी केल्यावर एका अमेरिकी अभ्यासात ती एकूण सात तासांच्या आसपास भरली. बेरीज वाईट नाही. वाईट आहेत ते तुकडे. इस्राएलमध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात रात्री चार वेळा फोन करून, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं काम देऊन उठवलेल्यांची अवस्था, फक्त चार तास झोपू दिलेल्यांइतकीच वाईट निघाली. चिडचिड तेवढीच, लक्ष तेवढंच उडालेलं. बिछान्यात मात्र फोनने उठवलेले विद्यार्थी आठ तास होते. ‘रात्रभर पडलेलीच तर असते’ असं बाळंतिणीला ऐकवणाऱ्यांनी हे वाचावं.

जर्मनीतल्या काही हजार स्त्री-पुरुषांच्या काही वर्षांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये दिसलं की बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंतच्या काळात आयांची झोप गरोदरपणाआधीच्या तुलनेत तासाभराने घटते, बापांची पाव तासाच्या आसपास. या दोन आकड्यांमधल्या अंतरात घरातली पुष्कळ भांडणं राहतात. अंगावर पाजणं बापाला शक्य नाही, पण ढेकर काढणं, दुपटं बदलणं, थोपटणं, येरझारा घालणं हे सगळं त्याला येतं. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याच्या आपल्या रीतीत आईला आधार मिळतो, पण बाप या रात्रींपासून लांब राहतो आणि नंतर अनोळखी हातांनी सुरुवात करतो.

तुकड्यांवर उपाय म्हणजे सलग तुकडा. दूध आणि वजन नीट सुरू झाल्यावर घरातल्या मोठ्यांनी रात्रीच्या पाळ्या लावाव्यात. आईने नऊला पाजून दुसऱ्या खोलीत झोपावं आणि पुढच्या भुकेपर्यंत बाळाचं सगळं बापाने किंवा आजी-आजोबांनी बघावं. मागे काढून ठेवलेलं दूध असेल तर ही झोप आणखी लांबते. सलग चार तास मिळाले की गाढ झोपेचा मोठा भाग पदरात पडतो, कारण तो रात्रीच्या पहिल्या टप्प्यातच येतो. पाहुण्यांनी बाळ बघायला यावं ते दुपारी, आणि बाळंतिणीला झोपायला पाठवून तासभर बाळ सांभाळावं. ते झबल्या-टोपड्याहून मोलाचं.

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नसते. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, दूध नाकारणं, हलवूनही नीट जागं न होणं, श्वासाला जोर लागणं, यांपैकी काही दिसलं तर रात्र असो की दिवस, डॉक्टर गाठावा. आणि बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, रडू आवरत नसेल, आपण नकोशा झालोय असं वाटत असेल, तर ते नुसतं जागरण नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

राहता राहिला तो प्रश्न, जो भेटणारा प्रत्येक जण विचारतो: ‘झोपतं का आता रात्रभर?’ कॅनडातल्या ३८८ बाळांच्या अभ्यासात सहा महिन्यांची झालेली ३८ टक्के बाळं रात्री सलग सहा तास झोपत नव्हती, आणि वर्षाची झालेली २८ टक्के. त्यांची वाढ मागे नव्हती. त्यांच्या आया इतर आयांपेक्षा खिन्नही नव्हत्या. थॉमस अँडर्स यांनी तर १९७० च्या दशकातच रात्रभर कॅमेरे लावून दाखवलं होतं की ‘रात्रभर झोपणारी’ बाळंही मध्ये उठतात. इकडेतिकडे बघतात, हात चोखतात, आणि कुणालाही न बोलावता पुन्हा झोपतात. आपणही तेच करतो, सकाळी आठवत नाही एवढंच. रात्रभर न उठणारा माणूस बहुधा अस्तित्वातच नाही. बाळ शिकतं ते परत झोपेत जाणं, आणि हे कुणी तिसऱ्या महिन्यात शिकतं, कुणी दुसऱ्या वर्षी. तोवर बाळ असलेल्या घरी गेल्यावर विचारायचंच असेल, तर आईला विचारावं: ‘तुला सलग चार तास मिळतात का गं?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढची पाळी आपण घ्यावी.